जाड्या मिठाची दोन पाकिटं

रवि. २ नोव्हें.
नोकरीच्या ट्रायलचा दिवस तिसरा. लाइनीत सात वेळा पडलो. बाहेर मस्कतात बत्तीस डिग्री, मॉलच्या पोटात हा बर्फाचा हॉल, आणि त्यात मी, दापोली तालुका.
स्कीबोर्ड म्हणजे दोन हात लांबीच्या दोन फळ्या, एकेका बुटाखाली एकेक. हातात काठ्या नाहीत. उतारावर जमतंय, उतार आपला आपण नेतो. गोची लाइनीत. वर नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यापाशी लोक रांग लावतात, ती वीस पावलं. बूट घासून तिथला बर्फ नुसती काच झालाय, वर थोडा चढ. पुढे जायला बघतो नि मागे जातो. आज मागे जाता जाता एका मल्याळी कुटुंबाच्या फोटोत गेलो.
शिकवणारे नेगीसर म्हणतात बदकासारखा चाल, टाचा आत, चवडे बाहेर. ते मनालीचे, त्यांच्या पायांना सांगावं लागत नाही.

मंगळ. ४
पाच वेळा.
कासिमचाचा नसते तर परवाच पळालो असतो. सफाईला आहेत, राजापूरचे, एकोणीस वर्षं मस्कतात. मी पडलो की फरशी पुसायचं थांबवून बघतात. हसत नाहीत, हेच जास्त लागतं. आज डब्यातली बोंबलाची चटणी दिली. त्यांना सगळं चाखून बघायची खोड. पहिल्या दिवशी इथला बर्फसुद्धा चाखला होता म्हणे. "गोड्या पान्याचा हाय, भरवसा ठेव."
ताईने घुब्र्याच्या घरात मला हॉलमधला सोफा दिलाय. भावोजी सोफ्याला वळसा घालून जातात. माझी सोहारची कंपनी सात महिन्यांत सुटली, मग इब्रीतलं दुकान, आता हे. ट्रायल पास झाली तर व्हिजा इथे होईल, नाही तर घर. ताई म्हणाली, मंग्या, ह्यापुढे मी कोणाला सांगणार नाही तुझ्यासाठी.
इब्रीत संध्याकाळी किल्ल्यामागे डोंगर गुलाबी व्हायचा. ते बघत बसायचो म्हणून तर... असो.

गुरु. ६
जमलं!!
उद्या शुक्रवार, गर्दी. नेगीसर लाइनीतच परीक्षा घेणार. पट्ट्यापाशी कोणी पडलं की गर्दीतून तिथवर पोचायचं, हेच तर माझं काम. काल सोफ्यावर पडल्या पडल्या आठवलं, हर्णै बंदरात बर्फाच्या कारखान्यात दोन सीझन काढलेत मी. तिथे लाद्या ओढताना पाय सुटू नये म्हणून आम्ही जाडं मीठ भुरभुरायचो. ताई लोणच्यासाठी आणते तसली दोन पाकिटं उचलली. सकाळी हॉल उघडायच्या आधी लाइनीत पसरली. कोणी नव्हतं.
दुपारपर्यंत सगळी काच मोडून भरड साखर. फळ्या रुतायला लागल्या. बदकासारखा चालत पट्ट्यापर्यंत गेलो, एकदाही पडलो नाही. नेगीसर म्हणाले शाबाश. चाचा लांबून बघत होते. मी हात केला. त्यांनी केला नाही.

शुक्र. ७
लिहवत नाही.
रात्री हॉल बंद झाला की मशीन थंडी वाढवतं. ठाऊक होतं मला. बंदरावर लादी तासाभरात गाडीत जाते, इथला बर्फ रात्रभर इथेच असतो, हे डोक्यात आलं नाही. मिठाने पाणी झालेलं सगळं परत गोठलं. आधीची काच बरी म्हणायची.
संध्याकाळी लाइन दारापर्यंत. इथे घरातलं एक माणूस लाइनीत उभं राहतं, नंतर अख्खं घर येऊन त्याच्यापुढे लागतं, कोणी हरकत घेत नाही. तसे एक ओमानी आजोबा सगळ्यांची जागा धरून अगदी पुढे उभे होते. पांढऱ्या पायघोळ डिशडाशावर भाड्याचं निळं जाकीट. घरचे आले, ते सरकून जागा द्यायला गेले आणि पाय गेले. हात अंगाखाली.
मी शेपटाला. मधे पंधरा-वीस माणसं. निघालो, मागे आलो. परत निघालो, मागे. एका बाईच्या बॅगेचा पट्टा धरला, ती पण माझ्याबरोबर खाली. लोक यल्ला यल्ला करत वाट देत होते, वाट होती, मलाच जाता येत नव्हतं. फळ्या काढायच्या तर क्लिप गोठलेली. आजोबा माझ्याकडेच बघत होते. भगवं जाकीट ना माझं, मदतीचं.
चाचांनी पोछ्याची फडकी बुटांना गुंडाळली आणि सरळ चालत गेले. बादली हातातच. आजोबांचं डोकं मांडीवर घेतलं.
मनगट मोडलंय.

शनि. ८
मॅनेजरने सगळ्यांना उभं केलं. लाइनीत पाणी कोणी सांडलं? कॅमेऱ्याचं तोंड उताराकडे, लाइन त्यात येत नाही. पण चाचा बादली घेऊन लाइनीत, हे सगळ्यांनी पाहिलेलं.
चाचा म्हणाले, बादली नंतर आणली साहब. एकदाच म्हणाले. परत नाही.
त्यांना रूमवर बसायला सांगितलंय. मॅनेजर दुबईला चाललाय, गुरुवारी आला की ठरवणार.
मी तिथेच उभा होतो. त्यांच्यापासून दोन हातांवर.

रवि. ९
नेगीसरांनी बोलावलं. म्हणाले, परवा तूच तेवढा धडपडलास, बाकीचे बघत राहिले. माझा व्हिजाचा कागद पुढे पाठवलाय. सही मॅनेजरची. गुरुवारीच.
मला वाटलं आत्ता सांगावं. तेवढ्यात पेंग्विनच्या सोंगातला फिलिपिनो मुंडकं हातात घेऊन पाणी प्यायला आला, त्याच्याशीच बोलत बसलो. आत किती उकडतं वगैरे.

मंगळ. ११
चाचांच्या रूमवर गेलो. सुरमई नेली. ते चादर घड्या करत होते, एक झाली की मोडून परत. बॅग खाटेखालून बाहेर काढलेली.
मी म्हटलं, चाचा, ते पाणी नव्हतं.
ते म्हणाले, "म्हायती हाय."
मी सुरमई खाली ठेवली.
"म्हाताऱ्याला उचललं तेवाच बोट लावून चाखला मी. खारट."
तेव्हाच का नाही बोललात विचारलं. ते सुरमई बघत होते. खवल्यांवरून बोट फिरवत म्हणाले ताजी हाय, कुठनं घेतलीस. मग चादर बाजूला ठेवून:
"माझी एकोनीस वर्सं झाली रे. तुझे एकोनीस दिवस पन नाय झाले."
जेवल्याशिवाय सोडलं नाही. निघताना म्हणाले, पुन्हा मीठ टाकू नको, पायाला फडकी बांध.
बसमध्ये नुसता बसून राहिलो. घुब्रा मागे गेलं, दोन स्टॉप पुढे उतरलो.

बुध. १२
ताईला सांगितलं. ती पोळी लाटायची थांबली. पाकिटं शोधत होते मी, एवढंच म्हणाली आधी. मग म्हणाली, सही होऊ दे, मग सांग. सही झाल्यावर सांगितलं तर चाचा गेलेले असतील, मी म्हटलं. तिने पोळी तव्यावर टाकली. करपली ती.
भावोजी टीव्ही बघत होते. आवाज कमी केला, एवढंच.

गुरु. १३
मॅनेजर सकाळीच आला. लाइनीच्या पुढच्या टोकाला पट्ट्यापाशी उभा, कोणा पाहुण्यांना हॉल दाखवत. मी ड्यूटीवर, शेपटाला. शाळेची ट्रिप आलेली, घुब्र्याच्या शाळेची, सगळी पोरं इंग्लिशमधून किंचाळणारी.
निघालो. मागे आलो. निघालो. टाचा आत, चवडे बाहेर. मागे. पोरांना वाटलं खेळ आहे. एकाने हात दिला, त्याच्या पुढचीने धरला, तिच्या पुढच्याने. असा हातोहात गेलो पुढे. पाय मी उचललेच नाहीत. थांबा म्हणावंसं वाटलं मधेच एकदा.
मॅनेजर म्हणाला, गुड, यू लर्न्ड.
तोडक्या इंग्लिशमध्ये सांगितलं. मीठ, दोन पाकिटं, मी, चाचा नाही. त्याला सॉल्ट कळलं, बाकी किती कळलं देव जाणे. पाहुण्यांकडे बघून हसला. मला म्हणाला ऑफिसमध्ये बस, येतो.
बसलोय. अकराला बसलो, आता पाऊण. टेबलावर माझा कागद आहे, वरचं नाव उलटं वाचता येतंय, माझंच. त्याखाली आणखी एक कागद, नुसती कड दिसते. हात लावायची छाती होत नाही.
चाचांचा फोन येऊन गेला दोनदा. उचलला नाही, काय सांगू.
फळ्या पायातच आहेत. क्लिप निघत नाही. इथे साधी फरशी, कुठे घसरत नाही. खाली पाण्याचं थारोळं झालंय आणि पुसायला चाचा नाहीत.