दुसरा अंतरा होईपर्यंत कापूस विकू नये

लिहून ठेवणार: प्रसेनजित पंजाबराव अवसरमोल, वय बावीस, राहणार उंद्री, ता. चिखली, जि. बुलढाणा. धंदा: घरच्यांच्या मते काही नाही, माझ्या मते गाण्यांचे रेकॉर्डिंग.

मी असे जाहीर करतो की माझा उजवा पाय मोडलेला आहे, डोके मोडलेले नाही. उद्या पायात सळई टाकायचे ऑपरेशन आहे. भूल देताना जिवाला धोका होऊ शकतो, असे लिहिलेल्या कागदावर आज वडिलांनी न वाचता सही केली. मी तो वाचला. म्हणून कोणाच्या सांगण्यावरून नाही, नशापाणी करून नाही, पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. मरायची मला हौस नाही. पण मेलोच, तर मागे हे लोक माझ्या सामानाचे काय करतील याचा मला भरवसा नाही.

कलम १. लॅपटॉप. हा इंजिनिअरिंगसाठी घेतला होता. दुसऱ्या वर्षी मी कॉलेज सोडले, लॅपटॉप सोडला नाही. त्यातले गाणी बनवायचे सॉफ्टवेअर मी यूट्यूबवरचे हिंदी व्हिडिओ थांबवून थांबवून शिकलो. सॉफ्टवेअर चोरीचे आहे, ते मृत्युपत्राने देता येते का हे वकिलाला विचारावे. लॅपटॉप वडिलांकडे राहील. का, ते पुढे येईल.

कलम २. आई जनकाबाई हिची वाकळ. आवाज अडवायला मी ती खोलीच्या दाराला खिळे ठोकून लावली होती. ती तिला परत द्यावी. भोके पडली आहेत. ती काही बोलली नाही. घरात न बोलणारे ते एकच माणूस.

कलम ३. कचरूकाका चारचौघांत म्हणाले होते, "लोकायचे पोट्टे इंजिनिअर होऊन राह्यले, आमचं खोलीत बसून डब्बा वाजवते." त्यांना माझे जुने इअरफोन द्यावेत. त्यात एकाच बाजूने ऐकू येते. काकांची अडचण होणार नाही.

कलम ४. वडील पंजाबराव. यांच्याशी असलेले भांडण लेखी असावे.

आमच्या मागच्या खोलीत दरवर्षी भाव येईपर्यंत कापूस भरून ठेवतात. कापसाच्या ढिगात आवाज घुमत नाही, हे मला कोणत्या व्हिडिओने शिकवले नाही, माझे मी शोधले. त्या ढिगात जागा करून मी माइक उभा केला, आणि आमच्या गल्लीतल्या समता गवई हिने तिथे चौदा एप्रिलच्या जयंतीच्या गाण्याचा पहिला अंतरा गायला. केसांत कापूस, डोळे मिटलेले. आवाज इतक्या जवळून आला की मी हेडफोन काढून पाहिले. ती जागेवरच होती. त्या दिवसापासून मी कामातून गेलो, हे सगळ्या उंद्रीला माहीत आहे. तिलाही असावे.

दुसऱ्या अंतऱ्याच्या आधी वडिलांनी कापूस विकला. मी म्हटले, "बाबा, आठ दिवस थांबले असते तं?" ते म्हणाले, "तुह्या गाण्यासाठी भाव थांबते काय बे?"

रिकाम्या खोलीत तिचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येऊ लागला. मी तिला पुन्हा पुन्हा गायला लावले. तरी जुळेना, तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये सूर सरळ करायचे यंत्र असते, ते तिच्या आवाजावर लावले. तिने ऐकले आणि म्हणाली, "हे कोण होय? हे तं फोनातली बाई आहे, नंबर व्यस्त आहे म्हणणारी. माहा आवाज कुठी ठेवला तू?"

मी म्हटले, "तुहा सूर हालते म्हणून लावलं."

ती गेली. फोन उचलत नाही. हे सर्व कापूस विकल्यामुळे झाले, असे माझे स्पष्ट मत आहे.

कलम ५. सहदेव, चिखलीचा डीजेवाला. याला काहीही देऊ नये. ते अर्धे गाणे मी त्याला फक्त ऐकायला पाठवले होते. परवाच्या जयंतीत त्याने पहिला अंतरा दोनदा जोडून मिरवणुकीत वाजवला, आणि समता जिथे श्वास घेते नेमकी तिथे स्वतःची आरोळी घुसवली: "सहदेव साउंड, चिखली!" तिच्या श्वासावर! व्हिडिओ आला तशी मी गाडी काढली, ती त्याला बडवायलाच. वाटेत रोही, म्हणजे नीलगाय, आडवा आला आणि पाय मोडला. रोह्याला मी माफ केले आहे, ते जनावर आहे. सहदेवला नाही. माझ्या पुण्यानुमोदनाला त्याचा साउंड लावू नये, फुकट दिला तरी. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर शोकाकुल म्हणून त्याचा फोटो छापू नये.

कलम ६. दिवाळीनंतर येणारा कापूस मागच्या खोलीतच भरावा, आणि समता दुसरा अंतरा गाईपर्यंत त्यातला मूठभरही विकू नये. रेकॉर्डिंग वडिलांनी करावे: लॅपटॉपवर गाण्याची फाइल उघडावी, लाल गोल दाबावा आणि तोंड बंद ठेवावे. पुढच्या जयंतीपर्यंत ती आली नाही, तर पूर्ण गाणे पुसून टाकावे, पहिल्या अंतऱ्यासकट. अर्धे गाणे कोणालाच मिळू नये.

दुरुस्ती. इथपर्यंत लिहिले तेव्हा वडिलांनी कागद ओढून घेतला. कलम सहा दोनदा वाचले. "आन् ते पोट्टी नाहीच आली तं? कापसात काय मी उंदरं पोसू?" मग बाहेर जाऊन कोणाला तरी फोन केला. संध्याकाळी समता आली. वडिलांनी तिला साक्षीदार म्हणून बोलावले होते. तिने उभ्यानेच सगळे वाचले.

"मेल्यावर माह्या गळ्यावर मालकी सांगून राह्यला काय बे? जित्ता होता तवा म्हणे सूर हालते."

"हालतेच."

"हालू दे. माणूस आहे मी. आन् गायली मी, तं पुसणारा तू कोण?"

शेजारच्या खाटेवरचे माणिकराव म्हणाले, "पोरी, जरा जोरानं बोल. मले अर्धंच आयकू येऊन राह्यलं."

ती म्हणाली, कलम सहा खोडल्याशिवाय सही करणार नाही. सबब कलम सहा रद्द. त्याऐवजी ती सांगेल तसे लिहितो:

पहिला अंतरा, माझे कोणतेही वाद्य किंवा यंत्र न लावता, जसा गायला तसा, समताच्या मालकीचा. दुसरा गायचा की नाही, ते ती ठरवील. गायला तर रिकाम्या खोलीत, घुमला तर घुमला. मी जिवंत असलो तर दाराबाहेर बसायचे आणि "पुन्हा घे" म्हणायचे नाही. वडिलांनी कापूस केव्हाही विकावा.

यातले एकही वाक्य मला मान्य नाही. तरी अक्षर माझेच आहे. दुरुस्ती दबावाखाली केली आहे, पण शुद्धीत.

स्थळ: हाडांचा दवाखाना, पुरुष वॉर्ड, चिखली
दिनांक: १६ एप्रिल २०२५

सही: प्रसेनजित पंजाबराव अवसरमोल

साक्षीदार १: माणिकराव सखाराम खरात, रा. साखरखेर्डा. डावा हात प्लास्टरमध्ये, सही उजव्याची. सर्व समक्ष पाहिले, नंतरचे ऐकूही आले.

साक्षीदार २: समता गवई, रा. उंद्री. वाचून सही केली. ऑपरेशन झालं की फोन कर. मी उचलीनच असं नाही.