प्रार्थना केलीत का?

प्रिय धाकट्या,

आधी तक्रार नोंदवून घे, मग ख्यालीखुशाली. तुझ्या थोरल्या बहिणीला या घरात गेला दीड महिना गरम सूप मिळालेलं नाही. वाढायचं काम माझं. वाफ येतेय तोवर मी वाढते, आणि मग मातोश्री डोळे मिटतात. जेवणाआधीची प्रार्थना तुला आठवत असेल: अन्नाबद्दल आभार, चर्चच्या मंडळीतले आजारी, पाळकसाहेबांची कंबर, बाहेरगावी असलेला तू, शेवटी मी आणि मांजर, आमेन. चमचा हातात धरून बसलं तरी निभायचं. आता आमेन येईपर्यंत सूपावर साय धरते. या अन्यायाविरुद्ध कुठल्या खिडकीवर अर्ज करतात ते कळव.

तुझं पत्र येऊन महिना होत आला. त्यावर दोन शब्द पाठवून मी मोकळी झाले, हे मला ठाऊक आहे. तुझ्या गळ्याबद्दलच्या त्या एका ओळीकडे येतेच आहे. पण माझी सवय तुला माहीत आहे, सरळ रस्त्याने मी कुठेच पोहोचत नाही.

तर प्रार्थना लांबायचं कारण म्हणजे एक प्लंबर. स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करून गेला, आणि पुढच्या आठवड्यात आईच्या प्रार्थनेत आला, तोही पाळकसाहेबांच्या आधी. ‘प्रभू, त्या प्लंबरचं घर सांभाळ, त्याच्या बायकोच्या पायांत बळ दे.’ मी एक डोळा उघडून पाहिलं. एवढ्या कळवळ्याने आई माझ्या परीक्षांच्या वेळीही बोलली नव्हती, आणि तेव्हा तर गरज जास्त होती.

तू म्हणशील, संशय हा हिचा धंदाच. आहेच. विमा कंपनीत लोकांचे दावे तपासण्यात माझी उमर गेली. जळलेल्या दुकानाचा फोटो समोर आला की मी आधी बघते, भिंतीवरचं घड्याळ आगीच्या आदल्या दिवशी कुणी उतरवून ठेवलं होतं का. त्यामुळे नळ गळत नसताना तो माणूस पुन्हा दारात दिसला, हे माझ्या नजरेतून सुटणार नव्हतं. मग आईची राखाडी शाल दिसेना. मग गरम पाण्याची पिशवी दिसेना. मग शेजारणीकडून कळलं की दर गुरुवारी दुपारी, मी ऑफिसात असताना, आई काठी घेऊन बाहेर पडते. विचारलं तर म्हणते, ‘जरा पाय मोकळे करून आले.’ जिला गुडघ्यांपायी उपासनेत गीत म्हणतानासुद्धा उभं राहवत नाही, तिचे पाय मोकळे व्हायला अख्खी दुपार लागते? भोळ्या म्हातारीला देवाच्या नावाने गुंडाळणं किती सोपं असतं, ते माझ्या कपाटातल्या फायलींना विचार. आज शाल, उद्या बांगड्या, परवा घराचे कागद.

गुरुवारी अर्धी रजा टाकली आणि जन्मदात्या आईचा पाठलाग केला. भाजीच्या गाडीमागे लपले, तर भाजीवाल्याने काय देऊ, काय देऊ करत माझ्या गळ्यात एक कोबी मारला. तो काखेत घेऊन दोन गल्ल्या तिच्यामागे. शेवटी एका गॅरेजच्या मागचा लोखंडी जिना आई चढली, आणि मागे न बघता वरून म्हणाली, ‘ये आता वर. कोबी जड झाला असेल.’

खोली एवढीशी. एका कोपऱ्यात पाइपांचे तुकडे, पाने-पकडी, पांढऱ्या टेपच्या गुंडाळ्या. दुसऱ्या बाजूला खिडकीशी पलंग, पलंगावर त्याची बायको, तिच्या पायांवर आपली शाल. प्लंबरने माझ्यासाठी स्टूल पुसलं. म्हणाला, ‘बसा ताई. तुमच्या मनात काय आलं असेल ते कळतंय मला. नळाचं काम झाल्यावर मी सहज बोललो, बायकोने अंथरूण धरलंय. तुमच्या आई म्हणाल्या, प्रार्थना करीन हो तिच्यासाठी. मी आठवडाभर वाट बघितली. फरक काही दिसेना. म्हणून विचारायला आलो, केलीत का? मी बसवलेला नळ गळला तर लोक मला परत बोलावतातच की.’ तो थट्टा करत नव्हता. ‘प्रार्थनेत आठवण ठेवतो’ म्हणणारे आपल्या मंडळीत पैशाला पासरी. झालेल्या कामाची चौकशी करायला दारात येणारा मी हा पहिलाच पाहिला.

आईने मान खाली घातली होती. ‘विसरले होते मी,’ ती म्हणाली. ‘दार लावलं आणि विसरले. खोटं बोलवेना. तर हा म्हणतो, मग आत्ता करा, मी थांबतो.’ तिने उंबऱ्यातच डोळे मिटले, आणि गाडी अडली. बाईचं नाव माहीत नाही, दुखणं माहीत नाही. मी म्हटलं, तुझ्या देवाला सगळं ठाऊक असतं ना? ‘त्याला असतं गं,’ आई म्हणाली, ‘मलाच काही ठाऊक नव्हतं.’ म्हणून ती बघायला गेली. आणि एकदा बघितल्यावर परत न जाणं तिला जमेना.

मी इतक्यात हार मानणारी नाही. गुण आला का, विचारलं. आई म्हणाली, नाही. मग उपयोग काय? ‘आधी पलंग त्या भिंतीशी होता,’ ती म्हणाली, ‘तोंडावर उजेड येत नव्हता,’ जणू मी तेच विचारलं होतं. मग तिला दम लागला आणि तिने मला पुढे केलं: आज तू कर. धाकट्या, आमेन मी कळायला लागल्यापासून म्हणतेय, पण त्याच्याआधीचं सगळं आईवर सोपवलेलं. तेव्हा जे एकच काम येतं ते केलं, चौकशी. कधीपासून, आधी कुठला पाय, रात्री कूस वळता येते का, सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते. शेवटचा प्रश्न आमच्या फॉर्मवर नसतो, तो कुठून आला कोण जाणे. बाई बोलायला लागली ती थांबेचना. नवरा दाराशी उभा राहून ऐकत होता, आणि त्यातलं बरंचसं त्यालाही नवीन असावं. मग प्रार्थना झाली ती जेमतेम तीन वाक्यांची. कोबी तिथेच राहिला.

वर हे दावे कोण तपासतं, कुणी उघडून तरी बघतं का, याबद्दल माझ्या शंका आहेत तशाच आहेत. पण परतताना पहिल्यांदाच मला संशय आला तो माझ्याच दोन शब्दांचा.

कारण तू गळक्या छपराचं पानभर वर्णन करून शेवटी लिहिलं होतंस, ‘गळ्यात गाठ निघालीय, तुकडा तपासायला गेलाय, आईला सांगू नकोस.’ आणि मी उत्तर धाडलं, ‘प्रार्थना करते.’ केली नव्हती. तू दारात येऊन विचारणाऱ्यांतला नाहीस, म्हणून मीच सांगतेय. आता एवढं कळव: गाठ कुठल्या बाजूला आहे, गिळताना दुखतं का, वर्गात शिकवताना शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोहोचतो का, रिपोर्ट आणायला तुझ्यासोबत कोण जाणार? कोणी नसेल तर मी येते, रजा शिल्लक आहे. आणि भीती कशाची वाटते तेही लिही, छपराचं नको. मघाशी ‘केली नव्हती’ लिहून झालं, तेव्हा पेन खाली ठेवून डोळे मिटले होते. जेवढं ठाऊक आहे तेवढ्यावरच भागवलं, तरी बराच वेळ गेला. आई दोनदा हाक मारून गेली. सूप गार झालं असेल.

तुझीच चौकस,
ताई