डोक्यातल्या सुया आणि शालूची सोयरीक

८ जानेवारी १९७८

डॉक्टर म्हणाला, रोज लिहा, डोक्याला सवय लागेल. चौथी शिकलेल्या माणसाने लिहायचं काय? सकाळी काय खाल्लं ते लिहा, म्हणे.

दोन भाकरी खाल्ल्या. की एकच? बायकोला, हरणाबाईला, विचारलं. "आवं, अजून वाढलंय कुठं?"

असा सगळा प्रकार.

९ जानेवारी

आज नीट लिहितो.

आमच्या भावकीत लग्न ठरताना घराण्याची साखळी सांगायचा मान माझा. कोण कुणाचा, देवक काय, कोण कुठे दत्तक गेला. देवक एक निघालं किंवा रक्त एक निघालं की सोयरीक मोडते. भावकीतल्या गुंडाच्या मुलीच्या सुपारीला पाव्हण्यांसमोर सांगत होतो आणि मधेच माझ्या बापाचं नाव आठवेना. अख्खी बैठक वाट बघत बसली. शेवटी गुंडाच म्हणाला, "आबा, बसा. पाणी प्या जरा." तेव्हापासून मला कुणी बोलावत नाही.

धाकटा भाऊ आकाराम गेला, त्यानंतर हे सुरू झालं. पहाटे झोप उडते. उसात जाऊन उभा राहतो आणि कशाला आलो ते कळत नाही. तोंडाला चव नाही. आता वेड लागायचंच राहिलं आहे.

आणि पुढच्या महिन्यात माझ्या नातीला, शालूला बघायला जतचे पाव्हणे येणार! साखळी सांगायला माझ्याशिवाय म्हातारा उरलेला नाही. मी अडखळलो तर म्हणतील, घराण्यात वेड आहे. पोरीचं लग्न मोडेल ते माझ्यामुळे.

१२ जानेवारी

विश्रामबागेतल्या दवाखान्यात पहिल्या सुया.

डॉक्टर अजितकुमार जैनांचा. पोरगेलासा, अजून लग्न व्हायचंय. कलकत्त्याला राहून ही चिनी विद्या शिकला. शालू विश्रामबागेतच कॉलेजात जाते, तिनेच त्याचा शोध लावला. म्हणतो, "आबा, हे वेड नाही आणि नुसतं म्हातारपणही नाही. मन खचलं की डोकंही मागे पडतं. आठवण हरवलेली नाही, दबून बसली आहे."

मी विचारलं, सुयांनी नक्की येईल का? म्हणाला, "नक्की असं सांगत नाही. काहींना बरं वाटतं. करून बघू." हा कसला डॉक्टर? बाकीचे सगळे नक्की म्हणून सांगतात.

एक सुई टाळूवर, दोन कपाळावर, आणि मनगटांवर. बैल अडला की आपण पराणी टोचतो, तोच न्याय. पण बैलाला निदान मागून टोचतात, त्याला दिसत नाही. मी पलटणीत होतो हे डॉक्टरला सांगणार होतो. पण तेव्हा डोळे गच्च मिटून शालूचा हात धरला होता, म्हणून राहिलं.

१३ जानेवारी

डॉक्टर एक सुई डोक्यातच विसरला असावा. टाळूवर खुपतंय. हरणाबाईने उन्हात बसवून फणी फिरवली. म्हणाली, "सुई न्हाई. कोंडा लय हाय."

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ दोनदा खाल्ला. हे पक्कं आठवतंय.

१९ जानेवारी

डोक्याच्या सुया म्हटलं तर गावभर होईल. म्हणून मुलाने, लालासाहेबाने, गुडघ्यांचा इलाज चाललाय असं सांगितलं. त्याचं फळ आज मिळालं. माझा जुना दोस्त केरबा आपले गुडघे घेऊन एस्टीत शेजारी येऊन बसला. "मलाबी दोन टोचून घेतो की."

दवाखान्यात तो सरळ आत आला. माझ्या टाळूवर सुया बघून म्हणाला, "गड्या, तुजी अक्कल गुडघ्यात हाय असं मी मस्करीनं म्हणायचो. डागदरनं खरंच धरलं की रं."

शालू हसली, डॉक्टर हसला. मग मलाही हसू आलं. हसताना कपाळावरच्या सुया हलतात. डॉक्टर म्हणाला, हलू देत.

आकाराम गेल्यापासून हसलो नव्हतो बहुतेक.

२६ जानेवारी

डॉक्टरने विचारलं, आकाराम कसा होता? सुया टोचलेल्या, उठता येत नाही, मग सांगत बसलो. बैठकीत तो माझ्या मागे बसायचा. मी अडलो की पाठीत बोट टोचून नाव पुटपुटायचा. लोकांना वाटायचं, सगळं मलाच पाठ आहे. मलाही तसंच वाटायचं.

बाहेर पेशंट खोळंबले होते तरी डॉक्टर उठला नाही. शालूला चहा मागवला. मला नाही. सुया असताना चहा चालत नाही, म्हणे.

२ फेब्रुवारी

बापाचं नाव आठवतं. आजाचंही. पणजाचं सकाळी आठवलं, दुपारी गेलं, गोठ्यात शेण काढताना परत आलं. सुयांनी, की आकारामचं बोलल्याने, की शेणाने? डॉक्टर म्हणतो, मलाही सांगता येणार नाही. मग फी कसली घेतो?

शालू मात्र म्हणते, सुया थांबवू नका. पोरीचा माझ्यावर फार जीव. प्रत्येक खेपेला सोबत येते.

१० फेब्रुवारी

पहाटे पाचपर्यंत झोपलो. हरणाबाई नाकापुढे हात धरून बघत होती.

१८ फेब्रुवारी

उद्या पाव्हणे. पुरण शिजतंय. मी म्हशीसमोर उभा राहून साखळी म्हटली. म्हशीने मान हलवली. उद्या अडलो तर मागून टोचायला कोणी नाही.

२० फेब्रुवारी

काल झालं ते असं.

बैठक भरली. नवऱ्यामुलाचे आजोबा आप्पासो माझ्यासमोर, तांबडा फेटा बांधून. मी सुरू केलं आणि अडलो नाही. पाच पिढ्या सांगितल्या. लालासाहेबाची मान ताठ झाली. तिथेच थांबायचं, तर मला जोर चढला. म्हणालो, "साथीच्या साली माझी चुलती गेली. तिचं अंगावरचं पोर जतला चिंचेच्या मळ्यात दत्तक दिलं. मी गाडीत होतो. पोर वाटभर रडलं, मी त्याला गूळ चाटवला."

आप्पासोंच्या हातातला पेला तसाच राहिला. "चिंचंचा मळा तर आमचा हाय," ते म्हणाले. "मला दत्तक आणलाय एवढंच ठावं हुतं. कुठनं, ते आयनं मरस्तवर सांगितलं न्हाई."

म्हणजे आप्पासो माझा चुलत भाऊ. म्हणजे नवरामुलगा शालूचा भाऊच लागतो. सोयरीक तिथेच मोडली. पण आप्पासो उठेनात. माझा हात धरून रडले, मग पुरणपोळ्या खाल्ल्या, मग मुक्कामच केला.

लालासाहेब अजून बोलत नाही. एकदाच म्हणाला, "आबा, एवढं एक आठवलं नसतं तर काय बिघडलं असतं?"

हरणाबाई म्हणाली, "डागदरनं दोन सुया जास्तीच मारल्या."

पोरीचं लग्न मोडलंच, आणि तेही न अडखळता.

२१ फेब्रुवारी

शालू चहा घेऊन आली. मी तिच्याकडे बघेना. तर म्हणते, "आबा, तुमच्या ध्यानात आलं म्हणून मी वाचले. मला जतला जायचंच नव्हतं."

"मग कुठं जायचंय?"

पदराचं टोक पिळत म्हणाली, "विश्रामबागेत. आबा, जैनांत देवक बघत्यात का?"

भावकी बसली की साखळी सांगायला मलाच उभं करणार, आणि जैनांचा जावई तिच्यात कुठेच बसत नाही.

तिला म्हणालो, तुझ्या डॉक्टरला विचारून ये, विसरायची सुई कुठे टोचतात.