उजवीकडचा खटका

मी, सावळाराम म्हाळू गव्हाणे, वय वर्षे बहात्तर, धंदा शेती, राहणार निमोणे, तालुका शिरूर, जिल्हा पुणे, पूर्ण शुद्धीत राहून हे मृत्युपत्र करीत आहे. गुडघे गेले, डोळे अधू झाले, पण डोकं जागेवर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. उलट, यातलं पाचवं कलम लिहू नका म्हणून घरातूनच आग्रह झाला. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही; कुठं निघालंच तर ते रद्द समजावं.

१. माझी पत्नी विठाबाई दोन वर्षांपूर्वी वारली. मुलगा सत्यजीत आणि मुलगी अनुपमा ही माझी दोन अपत्ये. माझ्यामागे या कागदाप्रमाणे वाटणी करण्याचं काम अनुपमाने पाहावं. सत्यजीतने राग मानू नये. तो कष्टाळू आहे, पण लोक काय म्हणतील याची त्याला फार भीती. हा गुण त्यानं माझ्याकडूनच घेतला.

२. गावातलं घर दोघांचं, निम्मं-निम्मं. बहिणीकडून हक्कसोड लिहून घेण्याची भाषा सत्यजीतने दिवाळीत केली होती, ती मी विसरलेलो नाही. अनुपमाने अशा कोणत्याही कागदावर सही करू नये.

३. डाळिंबाची बाग आणि मालाची शेड सत्यजीतला. ओढ्याकडचं रान अनुपमाला. विठाबाईचे दागिने अनुपमाला. ते तिच्या आईनेच सांगून ठेवलं होतं.

४. विहिरीकडचं एक एकर साहेबराव साळवे यांना, विहिरीच्या पाण्यातल्या वाट्यासह. साहेबराव बावीस वर्षं माझ्याकडे ट्रॅक्टर चालवीत होते. त्यांनी हे रान घ्यायला नकार दिला आहे. तरी मी ते त्यांच्या नावे लिहीत आहे. माझ्यामागेही त्यांनी नको म्हटलं तर तो त्यांचा अधिकार. मग ते अनुपमाकडे जाईल, सत्यजीतकडे नाही.

५. लहान ट्रॅक्टर, त्याचा पुढचा लोडर, बकेट आणि पॅलेट उचलायचे काटे सत्यजीतला. पण ते वापरण्याआधी त्यानं पुढचं सगळं वाचावं.

डाळिंबाचे क्रेट लाकडी पॅलेटवर, म्हणजे फळ्यांच्या पाटावर, रचून गाडीत चढवायला काटे हवे होते, म्हणून २०२० साली मी आणि साहेबराव शिरूरला दुकानात गेलो. दुकानदारानं दोन प्रकार दाखवले. एक, बकेट आहे तशीच ठेवून तिच्या कडेला कसायचे काटे. दुसरा क्विक अटॅचचा. त्यात बकेट सबंध उतरवून त्याच जागी काट्यांची चौकट अडकवायची आणि दोन बाजूंचे दोन खटके खाली दाबायचे, की खालून खिळी भोकात बसते. मला पहिला प्रकार सोपा वाटला. साहेबरावानं मला दुकानाबाहेर नेलं. दुकानदारासमोर मालकाला खोटं पाडायचं नाही, एवढी त्याला जाण.

"आबा," तो म्हणाला, "बकेटचं वजन तसंच ऱ्हातंय, आन् माल हातभर अजून फुडं जातोय. आपला ट्रॅक्टर ल्हान हाय. मागची चाकं उचलतील. बकेट उतरवून लावायचं घ्या. खटकं सीटवरनं दिसत्यात असं घ्या. आन् मागं वजन बांधू."

मी आत गेलो आणि हेच शब्द माझे म्हणून दुकानदाराला ऐकवले. साहेबराव शेजारी उभा होता.

पुढं आसपासचे लोक काटे पाहायला येऊ लागले. कोणते घ्यावेत, लहान ट्रॅक्टरला किती पेलेल, हे मी बाजेवर बसून सांगायचो. लोक म्हणायचे, आबांची पारख मोठी.

साहेबरावाची एक सवय होती. काटे लावले की दोन्ही खिळ्या खाली वाकून डोळ्यांनी बघायचा. मग काट्यांची टोकं जमिनीला टेकवून दाबायचा. चौकट हलली नाही तरच पुढं जायचा. रोज, प्रत्येक वेळी. हे सगळ्या निमोण्यानं पाहिलं आहे.

२०२२च्या जानेवारीत, सकाळी दहाच्या सुमारास, कवठे येमाईचे विश्वजीत ढोमे काटे पाहायला आले. साहेबराव बकेट उतरवणार होता. मी म्हणालो, "उतर खाली, मी दाखवतो. दोन मिनिटांचं काम आहे." मी बकेट उतरवली, चौकट अडकवली, डावीकडचा खटका दाबला. उजवीकडे गेलो तेवढ्यात विश्वजीतरावांनी काहीतरी विचारलं. उत्तर देण्यात मी रमलो आणि तसाच सीटवर जाऊन बसलो.

साहेबराव खालून म्हणाला, "आबा, टेकवून बघा."

मला ऐकू आलं होतं. पाहुण्यांसमोर गड्याचं ऐकायचं नव्हतं, म्हणून मी ऐकलं नाही असं केलं.

पाहुणे शेडमध्ये चहाला गेले. मी पहिलं पॅलेट उचललं. एक क्रेट सरकला म्हणून साहेबराव पुढं झाला. चौकट उजवीकडून सुटली आणि काट्यासकट सगळा माल त्याच्या उजव्या पायावर आला.

मी खाली उतरलो. लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. मी आधी त्याच्याकडे पाहिलं नाही, खटक्याकडे पाहिलं. खटका वर होता.

ओरडा ऐकून शेजारचा संपत थोरात धावत आला. "कुणी लावलं होतं हे?" त्यानं विचारलं.

"यानंच," मी म्हणालो.

साहेबराव शुद्धीवर होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग संपतला म्हणाला, "आबा म्हणत्यात तर तसंच."

पोलिसांकडच्या जबाबातही तेच लिहिलं गेलं. मी बोललो ते गावानं धरलं; विश्वजीतरावांनीही, आपण चहाला गेल्यावर साहेबरावानं काटे पुन्हा लावले असतील असं मानलं. बौद्धवस्तीतला साहेबराव माझ्याविरुद्ध बोलला असता तर कोणी धरलं नसतं, हे त्याला माहीत होतं आणि मलाही. काट्यांची निवड त्याची होती, ती मी माझी म्हणून सांगितली. चूक माझी होती, ती त्याची म्हणून सांगितली.

विठाबाई शेडच्या नळावर भांडी घासत होती. तिनं सगळं पाहिलं होतं. रात्री ताट वाढताना एवढंच म्हणाली, "त्या माणसानं तुमचं झाकलं आन् तुम्ही त्याला उघडं टाकलं." मरेपर्यंत तिनं हा विषय पुन्हा काढला नाही. मी तरी काढायला हवा होता.

साहेबरावाचा चवडा कापावा लागला. पाय बरा झाल्यावर तो ट्रॅक्टर चालवू शकत होता. त्यानं दोघा-तिघांना चालवूनही दाखवला. पण खटका न लावणारा ड्रायव्हर म्हणून त्याचं नाव झालं होतं. कोणी स्टेअरिंग हातात दिलं नाही. तो गाव सोडून पाटसजवळ एका रोपवाटिकेच्या फाटकावर राखणीला लागला.

गेल्या महिन्यात मी एसटीनं तिथं गेलो. त्याची बायको जाईबाई मला पाहून आत गेली ती बाहेर आलीच नाही. मुलगी करुणा हिनं खुर्ची दिली, पाणी दिलं. मी सांगितलं, ट्रॅक्टर आणि एक एकर तुझ्या नावानं लिहितोय, खरं काय झालं तेही लिहितोय.

"ट्रॅक्टर नगं मला, रान बी नगं," साहेबराव म्हणाला. "आन् तुम्ही गेल्याव ते वाचणार कोण? तुमची पोरं. ती कागद ठिवून देत्याल."

करुणा बापाकडे बघून म्हणाली, "आबा, आमच्या दादांचं नाव तुम्ही तोंडानं घालवलं. कागदानं कसं परत येईल?"

परतीच्या गाडीत मी दौंडपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसलो होतो.

६. तरी मी जाहीर करतो, की त्या दिवशी काटे मी लावले होते, उजवीकडचा खटका मी दाबला नव्हता आणि साहेबराव साळवे यांची यत्किंचितही चूक नव्हती. सत्यजीतने हे काटे वापरायचे असतील तर साहेबराव करायचे तसं, दोन्ही खिळ्या पाहून, टोकं टेकवून, दाबून. कोणी समोर उभं असताना माल उचलू नये.

७. साक्षीदारांना मजकूर वाचून दाखवण्याची गरज नसते, असं वकील म्हणाले. मी मुद्दाम त्या दिवशी माझं खोटं ज्यांनी खरं मानलं तेच दोघे बोलावले, आणि घराच्या ओट्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सगळं वाचून दाखवलं. सत्यजीत उठून आत गेला. हे कलम वाचनानंतर, सह्यांच्या आधी मी माझ्या हातानं वाढवलं आहे.

संपत म्हणाला, "आबा, गावभर मीच सांगत फिरलो की हो." विश्वजीतरावांनी पेन उचललं आणि परत ठेवलं. "सही करतो," ते म्हणाले, "पण आधी त्याला फोन लावा."

संपतने फोन लावला. "साहेबराव, मी संपत. आबांनी आत्ता सगळ्यांफुडं सांगितलं. माझं चुकलं." मग तो नुसता ऐकत राहिला. डोळे पुसून त्यानं फोन खिशात ठेवला. साहेबराव काय बोलला ते त्यानं मला सांगितलं नाही, आणि विचारायचा अधिकार मला नव्हता.

आता आम्ही सह्या करीत आहोत.

ठिकाण: निमोणे, ता. शिरूर, जि. पुणे
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

लिहून देणार: सावळाराम म्हाळू गव्हाणे (सही)

आमच्यासमोर त्यांनी वाचून दाखवून सही केली, म्हणून आम्ही सही करतो:
१. संपत थोरात, निमोणे (सही)
२. विश्वजीत ढोमे, कवठे येमाई (सही)