पाठचा भाऊ

ता. ९ मार्च

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. इकडे माझे गुडघे कुरकुरतात आणि तुझी वहिनी माझ्यावर कुरकुरते. म्हणजे सगळं ठीक आहे. तुझा खोकला थांबला का?

दुकान अजून उघडतो. मागच्या आठवड्यात ग्रंथालयातून एक जुनं पुस्तक डागडुजीला आलं. अठराव्या शतकातल्या एका आरमारी सफरीचं. तीन जहाजं निघाली, एक परतलं. अशा प्रती आता बोटांवर मोजण्याइतक्या, असं ग्रंथपालबाई म्हणाल्या. तुला आठवेल. त्याचे नकाशे तूच धुऊन सरळ केले होतेस. बांधणी माझी होती.

जन्मभर पुस्तकं शिवली, वाचली थोडीच. हे मात्र शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं. शेवटी खलाशांची यादी आहे. मेलेल्यांपुढे तारीख आणि रोग. सात नावांपुढे नुसतं ‘पळाला’. का, कुठे, कुणाला सांगून, काही नाही.

तुझ्याबद्दल कुणी विचारलं की बाबाही तेवढंच सांगत.

पुस्तकाच्या पाठीचं चामडं सुटलं होतं. ते काढून आतले कागद भिजवले. पाठीला आतून आपण रद्दीच्या पट्ट्या चिकटवतो, हे तुला काय सांगायचं? त्या पट्ट्यांवर तुझं अक्षर निघालं. ‘बाबा, जहाजावर काम मिळतंय. सोमवारी निघायचं आहे. तुम्ही नुसतं राहा म्हणालात तरी राहीन.’

वहिनीने चष्मा लावून वाचलं. “अहो, हे इथे कसं?”

“रद्दीत गेलं असेल.”

“रद्दी कोण कापायचं?”

“मी.”

“मग पत्रांतलं हवापाणी पुरे झालं. भावोजींना खरं लिहा.”

तर लिहितो. बाबांना समोर विचारायचा धीर होईना, म्हणून त्यांना द्यायला तू ते पत्र माझ्या हातात दिलंस. मी वाचलं आणि दिलं नाही. दुकानात दोघांपुरतं काम नव्हतं, असं इतकी वर्षं मनाला सांगत आलो. काम भरपूर होतं. तुझा हात माझ्यापेक्षा बरा होता, आणि बाबांनी ते एकदा गिऱ्हाइकासमोर बोलून दाखवलं होतं. एवढंच.

त्या सोमवारी त्यांनी संध्याकाळपर्यंत तुझं ताट झाकून ठेवलं. मग म्हणाले, “पळाला.” मी पट्ट्या कापत होतो. मान वर केली नाही. बाबांनी उत्तर दिलं नाही असं तू समजत आलास. त्यांच्यापर्यंत प्रश्नच पोचला नव्हता. आता तर तेही नाहीत. पाठच्या भावाला मी पुस्तकाच्या पाठीत चिणलं.

पट्ट्या सुकवून, जोडून सोबत पाठवतो आहे. खाली तुझी सही होती, तो तुकडा मात्र हाताशी आला नाही.

पुस्तक महिनाअखेर परत द्यायचं आहे. पाठ अजून उघडीच ठेवली आहे. या वेळी आत कोराच कागद लावीन. नकाशांना पुन्हा सुरकुत्या पडल्यात. ते काम माझ्या हातचं नाही, तेव्हाही नव्हतं. ये म्हणायला मला तोंड नाही. वहिनी म्हणते, तिला आहे.

तुझा,
एक पत्र पोचवायला सेहेचाळीस वर्षं लावणारा,
दादा