बाईंची टेप आणि तिसरी कॅसेट

प्रिय भाऊजी,

पत्राचं कारण आधी सांगते, म्हणजे मधली पानं गाळून शेवट शोधायची तुम्हाला गरज पडणार नाही. गेल्या रविवारी आमच्या बैठकीच्या खोलीत अनोळखी माणसं बूट-चपला बाहेर काढून सतरंजीवर बसली होती आणि डोळे मिटून माझा आवाज ऐकत होती. टेपमधली मी ओरडले की ती खूश होत होती. त्यांना आमचा पत्ता तुम्ही दिलात, असं चौकशीत निघालं. या प्रकरणातलं तुमचं कर्तृत्व तेवढ्यावर थांबत नाही, पण ते पुढे येईल. एखादा माणूस किती पुढे जाऊ शकतो हे मलाही रविवारीच कळलं.

तुम्ही आणि जाऊबाई सुखरूप असाल असं धरून चालते. रक्तदाब मोजायचं तुमचं यंत्र हाताशी असू द्या, लागेल. माझा गुडघा कुरकुर करतो, पण सांगितलेलं ऐकतो. तुमच्या दादांचं उलट आहे, कुरकुर काहीच नाही आणि ऐकू येत नाही. उजवा कान पूर्ण गेला. डावा किती दिवस साथ देईल ते सांगता येत नाही, असं कानाच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. (आत सांगितलं असतं तरी चाललं असतं. ऐकू कुणाला येणार होतं?) तुमच्याकडच्या मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद आणि तुम्हाला दोन्हींपैकी काय द्यायचं ते पत्र संपेपर्यंत मी राखून ठेवते.

सुरुवात एका दंतवैद्याच्या फोनने झाली. दात काढून उरलेल्या वेळात हा गृहस्थ जुन्या मैफलींच्या टेपा जमवतो. त्याने विचारलं, "त्या बाई आपणच का?" मी म्हटलं, "कोणत्या बाई?" तर म्हणतो, "'खाली बसा'वाल्या." मी फोन ठेवला. पुन्हा वाजला. या वेळी त्याने आधी माफी मागितली, मग तुमचं नाव सांगितलं, आणि मग जे काही सांगितलं ते ऐकून मी उभी होते ती स्टुलावर बसले.

तो बँड आपल्या स्टेडियमवर आला होता ते तुम्हाला आठवत असेलच. मी तेव्हा मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते, आणि संध्याकाळी बाहेर जायचं तर रेक्टर सोबत हवी हा नियम होता. (नियम माझाच होता, त्यामुळे मीच अडकले.) सगळ्या मुलींनी जेवण बंद करण्याची धमकी दिली तेव्हा मी त्यांना रांगेत नेलं, रांगेत बसवलं, आणि दोन्ही टोकांना मॉनिटर ठेवल्या. मध्ये तुमचे दादा, मांडीवर डब्याची पिशवी, पिशवीत डब्याऐवजी बॅटरीवर चालणारा टेपरेकॉर्डर. तुम्ही 'दादाला बॅटऱ्या बदलायला मदत' म्हणून आला होतात. बॅटऱ्या दादांच्या बाजूला होत्या आणि तुम्ही मुलींच्या बाजूला तोंड करून बसला होतात, हे माझ्या नजरेतून सुटलेलं नव्हतं. जाऊबाई त्याच रांगेत होत्या, तेव्हा त्या फक्त खोली नंबर बारा होत्या.

आता दंतवैद्याने सांगितलेली हकीकत. त्या दिवशीचं बँडचं स्वतःचं ध्वनिमुद्रण बिघडलं. राहिलं ते फक्त प्रेक्षकांनी चोरून केलेलं. अशा पाच-सहा टेपा या मंडळींना ठाऊक आहेत, आणि प्रत्येकीला तिच्यातल्या गोंधळावरून नाव पडलंय. एक खोकल्याची टेप, एक शिट्टीची, एकीत कुणाचं तरी भांडण बँडपेक्षा मोठ्याने ऐकू येतं. आणि सगळ्यांत उत्तम, स्वच्छ, प्रत्येक वाद्य वेगळं ऐकू येणारी टेप कोणती? तर 'बाईंची टेप'. कारण स्टेडियमचा तो एक कोपरा गप्प होता. तुमच्या दादांनी पहिल्या दोन कॅसेटी (तिसरी तेव्हा सापडत नव्हती) एका मित्राला उतरवून घ्यायला दिल्या होत्या, त्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने कुणाला, असं करत माझा आवाज जगभर हिंडला. ज्यांना आपली भाषा येत नाही अशा लोकांनाही 'खाली बसा, मागच्यांना दिसत नाही' पाठ आहे, म्हणे. 'दोघांचेही हात मला दिसले पाहिजेत' हे वाक्य लोकांनी सदऱ्यांवर छापून घेतलंय, आणि ते मी कुणाला उद्देशून म्हटलं असावं यावर वाद चालतात. (तो वाद मी दंतवैद्यापाशी मिटवला. तुमचं नाव त्याला ठाऊक होतंच.)

इतकं सगळं होऊनही मी त्यांना घरी येऊ दिलं नसतं. पण दंतवैद्याने शेवटच्या गाण्याचं काढलं. आठवतं ना? वीज गेली. सगळं स्टेडियम बोंबा मारायला लागलं. मग तो गायक साधी गिटार घेऊन मंचाच्या कडेला, नेमका आपल्या कोपऱ्यासमोर येऊन बसला आणि माईकशिवाय गायला लागला. नवीन गाणं होतं. ते त्याने पुन्हा कधी गायलं नाही, कुठल्या स्टुडिओत भरलं नाही, आणि पुढच्याच वर्षी माणूस गेला. इतर टेपांत त्या जागी नुसता आरडाओरडा आहे. ते गाणं कुणाच्या टेपमध्ये आलं असेल तर ते फक्त गप्प बसलेल्या कोपऱ्यातल्या टेपमध्ये, म्हणजे आमच्या तिसऱ्या कॅसेटमध्ये. मी हे दादांच्या डाव्या कानात सांगितलं. ते उठले, शिवणयंत्राचं खोकं उपसायला लागले आणि तासाभराने धुळीने माखून कॅसेट घेऊन आले. घर बदलताना ती तिथे सापडली होती, पण वाजवायची कशावर? रेकॉर्डर तर तुम्ही लग्नात मागून नेला होतात. "कान आहे तोवर ऐकून घेतो," एवढंच ते म्हणाले. मी लगेच दंतवैद्याला फोन केला आणि या म्हटलं. नंबर दोनदा चुकीचा लागला. वयोमानाने असेल.

मंडळी रविवारी आली. त्यांच्यात एक यंत्रवाल्या बाई होत्या, जुनी टेपयंत्रं दुरुस्त करणाऱ्या, नेमकं बोलणाऱ्या, मला आवडल्या. त्यांनी स्वतःचं यंत्र आणलं होतं. पहिल्या दोन कॅसेटी झाल्या. मूळ प्रत पहिल्यांदाच ऐकायला मिळाल्याने मंडळी हरखून गेली होती, एकदोघे उठून उभे राहिले, आणि मी सवयीने म्हणून गेले, "खाली बसा." त्यावर जी टाळी पडली तशी मला निरोपसमारंभातही पडली नव्हती.

मग तिसरी. यंत्रवाल्या बाईंनी ती हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि तिच्या कडेवर बोट ठेवलं. कॅसेटच्या कडेला दोन प्लास्टिकचे कान असतात. ते मोडले की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. ते मी कार्यक्रमाच्याच आठवड्यात स्वतः सुरीने मोडले होते. आणि आता त्या भोकांवर चिकटपट्टी होती. म्हणजे नंतर कुणीतरी भोकं बुजवून कॅसेट पुन्हा भरली होती. मी चिकटपट्टीकडे बघितलं. वाकडी लावलेली होती. आमच्या घरात चिकटपट्टी वाकडी लावणारा एकच माणूस होऊन गेला, भाऊजी.

यंत्र सुरू झालं आणि स्टेडियमऐवजी तुम्ही आलात. आधी घसा साफ केलात. मग चार शब्द बोललात (खासगी आहेत, इथे लिहीत नाही). मग गायलात. जाऊबाई, तुम्हाला हे वाचून दाखवलं जात असेलच, तेव्हा सांगते, तरुणपणी यांचा आवाज होता त्यापेक्षा इच्छा मोठी होती. एक कडवं झालं. दुसरं झालं. दंतवैद्याने डोकं दोन्ही हातांत धरलं. इतिहासातलं एकमेव गाणं एका माणसाच्या प्रेमाखाली इंचाइंचाने गाडलं जात होतं आणि आम्ही बसून ऐकत होतो. तुमचे दादा कान यंत्राला लावून बसले होते, त्यांचा चेहरा मला बघवेना. तुम्ही तिसरं कडवं घेतलंत. वरच्या पट्टीत. त्या क्षणी तुम्ही समोर असतात तर मी वयाचा विचार केला नसता.

आणि तेवढ्यात टेपमधून माझा आवाज आला! वसतिगृहातल्या सामानाच्या खोलीचं दार वाजलं आणि मी म्हणाले, "कोण आहे आत? पंखा कुणाच्या परवानगीने चालू आहे?" खट्ट. तुम्ही रेकॉर्डर बंद करून पळालात. पुढे क्षणभर खरखर, आणि मग, भाऊजी, सगळं स्टेडियम खोलीत आलं! तो गलका, त्या बोंबा, वीज नुकतीच गेलेली, मी म्हणतेय 'मुलींनो, एक शब्द नको', आणि खरंच एक शब्द नाही, आणि त्या शांततेत गिटार. अगदी जवळ. तो काही मोठ्याने गात नव्हता. रिकाम्या घरातून सामान हलवून झाल्यावर माणूस शेवटचा केर काढताना गुणगुणतो ना, तसा. अख्खं गाणं! पहिल्या स्वरापासून. दंतवैद्य घळाघळा रडत होता. यंत्रवाल्या बाईंनी माझा हात धरला होता, आणि मी तो सोडवून घेतला नाही.

दुसऱ्या कडव्यापाशी मात्र घोटाळा झाला. गाण्याखालून आणखी एक आवाज यायला लागला. बाईचा. बारीक, थोडा मागून येणारा, सूर सोडलेला. शब्द माहीत नसताना ओळीचा शेवट तेवढा पकडून म्हणणारा. सगळ्यांनी हळूहळू माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. मुलींना एक शब्द बोलू दिला नव्हता आणि स्वतः मात्र गात होते, असा त्याचा अर्थ होत होता, आणि तो बरोबर होता.

यंत्रवाल्या बाई म्हणाल्या, हल्ली असा आवाज वेगळा काढता येतो, गाणं स्वच्छ होईल. मी म्हटलं, ताबडतोब काढा. ओरडणं राहू द्या, ते कामाचं होतं. हे काढा. बँडच्या उरलेल्या लोकांनी गाणं सापडलं तर प्रसिद्ध करायची तयारी दाखवली आहे, ते जगभर जाणार, आणि त्यात माझा बेसूर कशाला?

तुमचे दादा म्हणाले, "काढायचा नाही."

मी म्हटलं, "अहो, बेसूर आहे तो."

"माहीत आहे. शेजारीच बसलो होतो."

"लोक हसतील."

"हसू देत. काढणार असाल तर कॅसेट मिळणार नाही." आणि यंत्राचं झाकण उघडून कॅसेट काढून खिशात घातली. या माणसाने आयुष्यात दुधाच्या पिशवीवरून वाद घातला नाही. दंतवैद्य एकदा त्यांच्याकडे बघे, एकदा माझ्याकडे. गाणं त्या खिशात होतं आणि मी हो म्हटल्याशिवाय बाहेर येणार नव्हतं. मी पुन्हा एकदा काढा म्हणायला तोंड उघडलं. तर दादा माझ्या कानाशी येऊन (आपल्याला ऐकू येत नाही म्हणून इतरांनाही येत नाही असा त्यांचा समज आहे) सगळ्या खोलीला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाले, "मला ते गाणं नको होतं गं. हेच हवं होतं."

मी म्हटलं, बरं. ठेवा. आणि सगळ्यांसाठी चहा टाकायला आत गेले. चहाला जरा वेळ लागला.

सगळ्यांना मी विचारल्याचं सांगा.

तुमची,
वहिनी

ता. क. बँडमधले राहिलेले दोघे पुढच्या महिन्यात त्याच स्टेडियमवर येताहेत. मला बोलावणं आहे. मला गोंगाटाची आवड नाही हे तुम्ही जाणता, म्हणून मी लगेच होकार कळवला. दादांना तिथे पुन्हा टेप करायची आहे, कान असेपर्यंत. जाऊबाईंचा सगळ्या मुलींशी संबंध आहे. त्यांनी सगळ्यांना जमवावं, नातवंडं घरी ठेवून यावं, आणि माझ्या दोन्ही बाजूंना रांगेत बसावं. तुम्ही लग्नात नेलेला रेकॉर्डर, चालू अवस्थेत, नव्या बॅटऱ्यांसह आणायचा. माळ्यावर आहे, सापडत नाही, असली कारणं नकोत.

ता. क. २. पत्र जाऊबाईंना मोठ्याने वाचून दाखवायची तुमची जुनी खोड आहे. इथे थांबा आणि पुढचं मनात वाचा. गाण्याआधीचे ते चार शब्द. त्यांतला पहिला शब्द एका मुलीचं नाव आहे. ते खोली नंबर बारामधल्या मुलीचं नाही. नऊमधलीचं आहे. दोघीही त्या दिवशी माझ्या शेजारी असतील, आणि कार्यक्रम सुरू होण्याआधी बराच वेळ गप्पा मारायला मिळतो.

सुपूर्द केल्याची नोंद: तिन्ही कॅसेटी दंतवैद्यांना दिल्या, यंत्रवाल्या बाईंच्या साक्षीने, उतरवून परत करण्याच्या बोलीवर. माझा आवाज त्यात जसा आहे तसा. तुमचं गाणं, पहिल्या शब्दापासून पंख्यापर्यंत, वेगळ्या कॅसेटवर घेऊन मला देण्यात आलं, ते माझ्या कपाटात आहे. तिचे दोन्ही कान मी मोडले आहेत. जाऊबाईंना अद्याप काहीही देण्यात आलेलं नाही.