पाठीवरची कवडी

४ सप्टेंबर

उन्हाळ्यापासून या वहीत एक ओळ नाही. माफी मागायची तर कोणाची? वही माझी, वाचणारा मीच. तरी मागतो. लिहिण्यासारखं काही घडलं नाही, हे खरं नाही. लाज वाटण्यासारखं काही घडलं नव्हतं, आणि मी वही तेवढ्यासाठीच उघडतो असं दिसतं.

आज सकाळी शाळेपासूनचा दोस्त सलीम आला. हातात लोणच्याची बरणी, झाकणाला भोकं पाडलेली. "मास्तर, तुह्या कामाची चीज आणली."

आत तुरीच्या काडीवर कोळी. मादी. हरभऱ्याच्या दाण्याएवढी. पाठ दुधी, मधोमध काळी दातेरी चीर, भोवती शेंदरी कड. हुबेहूब कवडी. परवा पोळ्याला बैलांच्या गळ्यात होत्या तशी. सतरा वर्षं ज्युनिअर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. असं चिन्ह पाहिलेलं नाही, वाचलेलं नाही.

"हा कोळी कुठं सापडला?"

"कोळी काय म्हनतं, कांतीन म्हन. माह्या गोठ्यामांगं, कुपाटीच्या काट्यांत बसून होती."

फोटो काढून अमरावतीच्या सरांना पाठवले, ज्यांच्या हाताखाली एम.एस्सी. केली. तीन फोटो हलले.

५ सप्टेंबर

शिक्षक दिन. चार पेनं, एक गुलाब.

सरांचं उत्तर आलं. 'नेमकी कुठे सापडली? आणि रंग लागलेला नाही ना, खात्री करा.' ठिकाण आधी, शंका नंतर. का? मी नुसतं 'चिखली तालुका' कळवलं. आमच्या उंद्री गावाचं नाव घेतलं नाही. शोध त्यांच्या नावावर जाईल म्हणून सरांवरही संशय. कमाल आहे.

पण त्यांची शंका डोक्यातून जाईना. सलीम पेंटर आहे. पूर्वी पाट्या लिहायचा. फ्लेक्स आलं, पाट्या गेल्या. आता घरं रंगवतो, आणि पोळ्याला अर्ध्या गावाच्या बैलांची शिंगं. शिंगावर केसाएवढी बारीक वेल काढतो. बरणी आणली ती पोळ्यानंतर दोनच दिवसांनी.

आठवीत त्यानं शाळेच्या भिंतीवर विंचू काढला होता. तो खरा समजून मी चप्पल काढून मारली. अख्खा वर्ग हसला. मीही हसलो होतो.

हसलो होतो का?

७ सप्टेंबर

गणपती बसले. सलीमकडे मोदक द्यायला गेलो. मोदक हे निमित्त होतं, हे लिहून ठेवतो.

तो घरात नव्हता. गोठ्यात फळीवर डबे: हिंगूळ, पांढरा, काळा. तिन्ही रंग कोळ्याच्या पाठीवरचेच. हिंगुळात काडी बुडवली, कागदावर टिपली. मागून आवाज:

"काऊन बे मास्तर, बैलं रंगवून झाले. आता तुह्या शिंगाले लावतं का?"

खोटं सुचलं नाही. सांगितलं, रंग ताडून पाहायचा होता.

त्यानं माझ्या हातातली काडी घेतली, पुसली. मग म्हणाला, "इचारलं असतं तं सांगतलं असतं."

"मग आता विचारतो. तू रंगवलीस का?"

"आता नाही सांगत." डब्यांची झाकणं एकेक करून दाबून लावली. मी निघालो तर, "मोदक ठेवून जाय. पोरीले आवडते."

८ सप्टेंबर

उन्हात रंग जुळतो. सावलीत जुळत नाही. भिंगाखाली ब्रशचा माग दिसत नाही. शेंदरी कडेतून केस सुटे उगवलेले आहेत. रंग असता तर चिकटले असते. असं मी म्हणतो. सलीमचा हात मात्र तसंही करू शकेल, हेही मीच म्हणतो.

थिनरचा बोळा फिरवला की एका मिनिटात निकाल. वनिता म्हणाली, "अन् ती मेली तर? मग खरी का खोटी, कोणाले इचारसान?" बायकोचं बरोबर आहे. बोळा फेकला.

दुसरी वाट आहे. ती अजून पूर्ण वाढलेली नाही, म्हणजे आणखी एकदा तरी कात टाकणार. रंग असेल तर जुन्या कातडीबरोबर जाईल. उपजत असेल तर नव्या अंगावर कवडी पुन्हा दिसेल. थांबायचं.

सलीम असं का करील? आठवत बसलो. जुलैत चहाच्या टपरीवर मी चारचौघांत म्हणालो होतो, "आपल्या सलीमची कला आता बैलंच पाहतात." सगळे हसले. तोही हसला होता.

१० सप्टेंबर

माशी टाकली, खाल्ली नाही. पाय आखडून धाग्याला लटकून आहे. कात टाकायची तयारी. सारखा पाहत बसतो म्हणून बरणीवर हातरुमाल टाकला.

सलीम फोन उचलत नाही.

१२ सप्टेंबर

त्याच्या घरी जाऊन आलो. मुलगी म्हणाली, अब्बू मलकापूरले दुकान रंगवायले गेले, परवा सकाळी येतील. मोदकाचा डबा घासून ठेवला होता. परत देताना त्यात शेवया. "अब्बूनं सांगतलं होतं, रिकामा नोको देजो." जाण्याआधी सांगितलं म्हणे.

डबा घेऊन घरापर्यंत चालत आलो. मोटरसायकल त्यांच्याच दारात राहिली, परत जावं लागलं.

१३ सप्टेंबर

कॉलेजातून आलो तर वनिता दारातच. "टाकली तिनं कात. दुपारी."

बरणी फडताळात, रुमाल तसाच.

"मी पाह्यलं. सांगू?"

"नको."

"काऊन? दहा दिवस झाले, जेवनावर ध्यान नाही तुमचं."

तिच्या प्रश्नाचं उत्तर इथं देऊन पाहतो. कवडी गेलेली असेल तर मी भांडायला जाईन. अजून असेल तर पुरावा खिशात घालून माफी मागायला जाईन. सलीमला दोन्हीत एकच दिसेल: मी आधी बरणी पाहिली, मग त्याच्याकडे आलो. गोठ्यातही तेच केलं होतं.

का नुसतीच भीती आहे, आणि तिला मी हे चांगले कपडे घालतोय? ठरवता येत नाही.

वनिता भाकरी थापत होती. तिच्या चेहऱ्यावरून काही कळतं का, हे पाहत बसलो होतो. तिच्या लक्षात आलं. पाठ फिरवून बसली. तिच्या पाठीकडेही पाहणं बंद केलं.

सरांचा पुन्हा मेल: 'ठिकाण कळवा.' उत्तर दिलेलं नाही.

उद्या: बरणी उघडण्याआधी सलीमकडे जाणे.